नासपती आणि राजमुकुट

राज्यकर्त्यांना लेखणीपेक्षां पेन्सिलीचें भय अधिक वाटतें, हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. लेखांत युक्तिवाद असतो, आंकडे असतात, पुरावे असतात. चित्रांत फार तर चार रेघा. परंतु लेख वाचण्यास अक्षरओळख लागते, सवड लागते, आणि वाचून झाल्यावर त्याचें खंडनहि करतां येतें. चित्राला यांतील कशाचीच गरज नाहीं. दुकानाच्या कांचेपुढून जाणारा हमाल तें क्षणभर पाहतो, हंसतो आणि पुढें जातो. त्या हंसण्याचें खंडन कसें करावें हें मंत्र्यांना उमगत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्सनें या गोष्टीचा जो अनुभव घेतला, तो व्यंगचित्राचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंवर सारखाच प्रकाश टाकणारा आहे.

१८३० च्या जुलै महिन्यांत पॅरिसच्या लोकांनीं तीन दिवस रस्त्यांवर लढून दहाव्या चार्ल्सला पदच्युत केलें, आणि त्याच्या जागीं लुई फिलिप आला. यास लोक 'नागरिक राजा' म्हणत. नव्या सनदेंत वृत्तपत्रांवरील पूर्वनियंत्रण पुन्हां कधींहि प्रस्थापित होणार नाहीं, असें स्पष्ट अभिवचन होतें. त्याच वर्षीं ४ नोव्हेंबर रोजीं शार्ल फिलिपों यानें 'ला कारिकातूर' हें सचित्र साप्ताहिक सुरू केलें, आणि १८३२ च्या १ डिसेंबरपासून 'ल शारिवारी' हें दैनिक. शारिवारी म्हणजे गांवाला न रुचलेल्या विवाहाच्या घरापुढें थाळ्या-पातेलीं बडवून केलेला गोंगाट. आपल्याकडील शिमग्याची बोंब ज्यांनीं ऐकली आहे त्यांना या नांवांतील खोंच निराळी समजावून सांगावयास नको. पुढें १८४१ सालीं निघालेल्या इंग्रजी 'पंच'नें स्वतःस 'लंडनचें शारिवारी' म्हणवून घेतलें, आणि त्या पंचाचीच परंपरा मुंबईच्या 'पार्सी पंच' व 'हिंदी पंच' या पत्रांपर्यंत येऊन पोंचली.

या पत्रांना बळ मिळालें तें शिळाछापामुळें. जुन्या मराठी शिळाछाप पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांना ही विद्या अपरिचित नाहीं. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, दगड ओला करावयाचा, आणि वरून शाई फिरवावयाची. ओला भाग शाई झिडकारतो व तेलकट रेघ ती धरून ठेवते. ताम्रपटावर कोरीव काम करण्यास दिवसचे दिवस लागत; येथें चित्रकाराच्या हातची रेघ जशीच्या तशी कागदावर उमटूं लागली, आणि घटना शिळी होण्यापूर्वीं तिच्यावरील टीका दुकानांत टांगली जाऊं लागली. ओबेर याच्या चित्रांच्या दुकानापुढें पॅरिसकरांची गर्दी जमूं लागली, आणि सरकारचे अभिवचन डळमळूं लागलें.

पहिला मोठा खटका १८३१ सालीं उडाला. जुलै क्रांतीच्या खुणा भिंतीवरून चुन्यानें पुसून टाकणारा गवंडी फिलिपोंनें छापला होता. त्या गवंड्याचा चेहरा राजाचा होता. १४ नोव्हेंबर रोजीं न्यायालयांत फिलिपोंनें आपल्या बचावासाठीं चार आकृती काढल्या. पहिली राजासारखी, दुसरी तिच्यासारखी, तिसरी दुसरीसारखी, आणि चौथी केवळ एक नासपती. साम्य हाच गुन्हा असेल, तर फ्रान्समधील यच्चयावत् नासपतींवर खटले भरावे लागतील, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायाधीशांनीं त्याला सहा महिने कैद व २,००० फ्रँक दंड ठोठावला. परंतु खटला हरून त्यानें लढाई जिंकली. पॅरिसच्या बोलभाषेंत नासपती म्हणजे भोळसट माणूस असाहि अर्थ आहे. थोड्याच काळांत भिंतीभिंतींवर खडूनें व कोळशानें काढलेल्या नासपती दिसूं लागल्या. सरकारनें दंड वसूल केला. पण राजाला त्याचा पहिला चेहरा परत मिळाला नाहीं.

या मंडळींत ऑनोरे दोमिये हा मार्सेयच्या एका कांचकामगाराचा मुलगा होता. १८३१ च्या डिसेंबरांत त्यानें राजाला गार्गांत्वा या बकासुराच्या रूपांत दाखविलें. खुर्चीवर बसलेल्या प्रचंड देहाच्या मुखापर्यंत एक फळी लावलेली आहे, गरिबांकडून गोळा केलेल्या नाण्यांच्या टोपल्या तीवरून वर जात आहेत, आणि खालीं पदव्यांचा व पदकांचा लाभ घेण्यास मर्जींतले लोक जमले आहेत. या चित्राबद्दल दोमियेला सहा महिने कैद व ५०० फ्रँक दंड झाला, आणि चोविसाव्या वर्षीं त्यानें सेंत-पेलाजीचा तुरुंग पाहिला.

येथवरची हकीकत विनोदाची आहे. पुढील प्रकरणांत मात्र हंसण्यास जागा नाहीं. १८३४ च्या एप्रिलांत ल्यों शहरांतील रेशीम विणणाऱ्या कामगारांनीं उठाव केला, आणि त्याचें लोण पॅरिसला पोंचलें. १५ एप्रिलच्या पहाटे त्रान्सनोनें रस्त्यावरील १२ क्रमांकाच्या घरांतून गोळी आली असें म्हणून सैनिक आंत घुसले आणि तेथील रहिवाशांना त्यांनीं ठार मारलें. दोमियेनें या घटनेवर जें चित्र काढलें त्यांत राजा नाहीं, मंत्री नाहीं, नासपती नाहीं, इतकेंच नव्हे तर सैनिकहि नाहीं. विस्कटलेल्या बिछान्यावरून घसरलेला, रात्रीचा सदरा व टोपी घातलेला एक माणूस भुईवर पडलेला आहे. त्याच्या देहाखालीं एक लहान मूल चिरडलेलें आहे. डावीकडे अंधारांत एका स्त्रीचें प्रेत, उजवीकडे एका वृद्धाचें मस्तक, आणि मागें उलटलेली खुर्ची. चित्राखालीं रस्त्याचें नांव व तारीख, याहून एक शब्दहि अधिक नाहीं.

हें चित्र वृत्तपत्राचे दंड भागविण्यासाठीं वर्गणीदारांकरितां काढल्या जाणाऱ्या मालिकेंत प्रसिद्ध झालें. सरकारनें मूळ दगड आणि हातीं लागतील तितक्या प्रती जप्त केल्या. नासपतींत कांहीं अतिशयोक्ति होती, गार्गांत्वांत उघड विटंबना होती. येथें तर दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. तरीहि सर्वांत अधिक भय याच चित्राचें वाटलें. विटंबनेला सत्ता विटंबना म्हणून झिडकारूं शकते; साक्षीला काय म्हणून झिडकारणार? व्यंगचित्रकाराच्या हातांतील शेवटचें शस्त्र अतिशयोक्ति नसून अचूकपणा आहे, हें या एका कागदानें सिद्ध केलें.

सूड घेण्याची संधि लौकरच आली. २८ जुलै १८३५ रोजीं फिएस्कीनें अनेक नळ्यांच्या यंत्रानें राजावर गोळ्या झाडल्या. राजा वांचला, पण अठरा माणसें मेलीं. मग सप्टेंबरांत कायदा झाला, आणि प्रत्येक चित्रास प्रसिद्धीपूर्वीं सरकारी परवानगी लागूं लागली. १८३० च्या अभिवचनाचें काय, या प्रश्नास सरकार पक्षानें मोठें मार्मिक उत्तर दिलें: सनद मतांना संरक्षण देते, परंतु चित्र हें मत नव्हे, तें डोळ्यांशीं बोलतें, म्हणून तें कृत्य होय. चित्रकलेचा याहून मोठा गौरव तिच्या भक्तांनींहि क्वचितच केला असेल! 'ला कारिकातूर' त्यापूर्वींच, ऑगस्टच्या अखेरीस, बंद पडलें होतें.

दोमियेची पेन्सिल थांबली नाहीं, ती वळली. राजा व मंत्री निषिद्ध झाल्यावर ती ठकसेन सावकार, वकील, भाडेकरू, नवराबायको यांच्याकडे गेली. रोबेर माकेर या भामट्याच्या निमित्तानें त्यानें काढलेली चित्रमालिका अप्रतिम आहे. परंतु लेखन करूं पाहणाऱ्या स्त्रियांची जी टवाळी त्यानें १८४४ सालीं केली, ती पाहून आज कोणासहि त्याचा अभिमान वाटणार नाहीं. नियंत्रणाचा एक परिणाम येथें स्पष्ट दिसतो. तें उपहासाला नेहमीं मारतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें त्याचें तोंड बलवंतांकडून दुर्बळांकडे फिरवितें.

१८४८ च्या फेब्रुवारींत लुई फिलिप इंग्लंडला पळाला. हें नासपतीनें केलें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. दुष्काळी वर्षें, बेकारी व मताधिकाराचा संकोच हीं कारणें कितीतरी बलवत्तर होतीं. १८५२ सालीं लुई नेपोलियननें चित्रांवरील बंधन पुन्हां आणलें, आणि त्याच वर्षीं साम्राज्य म्हणजे शांतता अशी ग्वाही बोर्दोच्या भाषणांत दिली. बंधनाच्या त्या काळांत दोमिये रूपकांतून बोलला. १८६६ च्या एका चित्रांत त्यानें पृथ्वीचा गोल संगिनींच्या टोकांवर तोललेला दाखविला. चार वर्षांनीं तो तोल गेला. सेदानच्या पराभवानंतर साम्राज्य कोसळलें, तेव्हां दोमियेनें जळून गेलेलें गांव आणि त्यांत पडलेलीं प्रेतें रेखाटून खालीं तेंच बोर्दोचें वाक्य लिहिलें. नव्यानें एक अक्षरहि जोडण्याची त्याला गरज भासली नाहीं. १८७१ च्या जानेवारींत त्यानें नवें वर्ष एका कृष्णवस्त्रधारी स्त्रीच्या रूपांत काढलें. समोर पसरलेल्या प्रेतांचा वारसा पाहून ती तोंड झांकून घेत आहे. त्रान्सनोनेंच्या खोलींतील मौन आतां साऱ्या देशावर पसरलें होतें.

सुमारें चार हजार शिळाचित्रें मागें ठेवून दोमिये १८७९ सालीं वारला. अखेरीस त्याची दृष्टि जवळजवळ गेली होती. फ्रान्समध्यें मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा २९ जुलै १८८१ रोजीं झाला, आणि चित्रेंहि पूर्वपरवानगीच्या जांचांतून सुटलीं. तें पाहण्यास तो उरला नव्हता.

पॅरिसच्या नकाशांत आज त्रान्सनोनें या नांवाचा रस्ता सांपडत नाहीं. १८५१ सालीं तो बोबूर रस्त्यांत सामील करण्यांत आला. ज्या सरकारनें तो दगड जप्त केला तें गेलें, ज्या घरांत ती पहाट उजाडली त्या घराच्या रस्त्याचें नांवहि गेलें. तें नांव आणि ती तारीख आज जगाला ठाऊक आहे ती केवळ जप्तींतून वांचलेल्या थोड्या कागदांवरून.