सामानगड : कडा राहिला, तट पडला



निपाणीहून बेळगावकडे जाताना संकेश्वरला महामार्ग सोडून गडहिंग्लजची वाट धरली, की पुढे डोंगरमाथ्यावर सामानगड लागतो. गड महाराष्ट्रात असला तरी आम्हा सीमाभागातल्या माणसांना तो आपलाच वाटतो.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकात हा गड बांधला, असे मानतात. पुढे शिवाजी महाराजांनी तो भक्कम केला. भोवती उभे कडे, त्यावर तटबंदी आणि आत जांभा खडक कापून केलेल्या खोल विहिरी. वेढा पडला तरी पाण्यावाचून शरण जावे लागू नये, अशी सगळी तजवीज.

मग गड पडला कसा? गडाची राखण पिढ्यान्‌पिढ्या गडकरी करीत आणि त्या चाकरीबद्दल मिळालेल्या जमिनींवर त्यांची घरे चालत. कोल्हापूरचे महाराज अल्पवयीन असताना इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. त्यांनी या जमिनी मामलेदारांच्या हाती दिल्या. पोटावरच गदा आली, तेव्हा जुलै १८४४ मध्ये सामानगडच्या आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. इंग्रज फौजेने ऑक्टोबरात सामानगड घेतला. बंड मोडल्यावर तटबंदी पाडून टाकली. आज दिसतात ते पडके बुरूज त्या वर्षाची खूण आहेत.

हे वाचताना आम्हाला नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो. वाडवडिलांची जमीन देणार नाही, एवढेच तो म्हणाला आणि अहाब राजाच्या घरातून त्याच्या मरणाचा हुकूम निघाला. गडकरी नाबोथासारखे निःशस्त्र नव्हते, त्यांच्या हाती बंदुका होत्या. पण दोन्हीकडे दुखणे एकच : वरच्याने कागदावर एक ओळ लिहिली आणि खालच्याची भाकर गेली. नाबोथाची बाजू घ्यायला देवाने एलीया संदेष्ट्याला पाठवले. गडकऱ्यांची बाजू कारभारात कोणी ऐकून घेतली असती, तर कदाचित तोफा लागल्याच नसत्या.

प्रियजनहो, आपलीही घरे कोणाच्या तरी राबणाऱ्या हातांवर उभी आहेत. शेतावरचा गडी, धुणीभांडी करणारी मावशी, निपाणीत विड्या वळणारी बाई. त्यांचा हिशेब करताना त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेऊ या. देव ते ऐकतोच आहे.