बाल्टिक राजधान्या आणि त्यांच्या भाषा

युरोपच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राच्या परिसरात ज्या राजधान्या वसल्या आहेत, त्यांची एकाच फेरीत यात्रा घडविणाऱ्या प्रवासी मोटारगाड्या दर उन्हाळ्यात धावत असतात. व्हिल्नियसहून निघावे, रीगा आणि टॅलिन पाहावे, तेथून आगबोटीने हेलसिंकी व पुढे स्टॉकहोम गाठावे, आणि पुन्हा मोटारीने ऑस्लो व कोपनहेगन येथे जाऊन यात्रा संपवावी, असा त्यांचा साधारण मार्ग असतो. प्रत्येक शहरी वाटाड्या उतारूंना किल्ला, राजवाडा, मुख्य चर्च आणि जुना बाजारचौक दाखवितो. सन सांगतो, राजाचे नाव सांगतो. आणि मंडळी पुन्हा गाडीत येऊन बसतात.

हे सर्व पाहण्याजोगे आहे, यात शंका नाही. परंतु रीगा आणि टॅलिन येथे एक गोष्ट विसरून चालत नाही. तेथील जुन्या थोर इमारती ज्यांनी उभारल्या ते लोक बहुतांशी वेगळे, आणि आज ज्यांची ती राजधानी आहे ते लोक वेगळे. रीगा हे नगर १२०१ साली आल्बर्ट नावाच्या जर्मन बिशपाने वसविले. टॅलिनची टेकडी १२१९ मध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या वाल्देमार राजाने घेतली. ‘टॅलिन’ या नावाचा अर्थच ‘डेनांचे नगर’ असा सांगतात. १३४६ मध्ये डेन्मार्कने आपल्या ताब्यातील तो मुलूख एका जर्मन सरदारसंघाला चांदी मोजून घेऊन विकून टाकला. पुढे स्वीडनचा अंमल आला, आणि १७१० मध्ये दोन्ही शहरे रशियाच्या पीटर बादशहाच्या हाती पडली. या उलाढालीत त्या भूमीवर नांगर धरणाऱ्या लाटव्हियन आणि एस्टोनियन कुळांना कोणी काही विचारले नाही. किल्ल्यांसाठी दगड त्यांनी वाहिले असतील, पण किल्ल्यांवर नावे दुसऱ्यांची लागली. त्यांच्यापाशी स्वतःची म्हणून उरली ती केवळ भाषा. आणि त्यांचा इतिहास वाचावयाचा तर तो त्या भाषेतच वाचावा लागतो.

व्हिल्नियसची गोष्ट थोडी निराळी आहे. हे नगर मुळात लिथुआनियन राजांचेच. गेदिमिनास या राजाने १३२३ साली पाठविलेल्या पत्रांत त्याचा प्रथम उल्लेख येतो. परंतु पोलंडशी राज्य जोडले गेल्यावर हळूहळू सरदारांची आणि शिष्टांची भाषा पोलिश झाली, आणि लिथुआनियन ही खेड्यापाड्यांतील कुळांची बोली म्हणून मागे राहिली. नवल असे की, याच उपेक्षित बोलीने प्राचीन रूपे इतकी जपून ठेवली आहेत की, संस्कृताशी तुलना करणारे पंडित आजही तिच्याकडे वळतात. आपल्या कानांनाही ती अगदीच परकी वाटू नये. देवाला ते लोक ‘द्येवस’ म्हणतात, अग्नीला ‘उग्निस’, दाताला ‘दान्तिस’, धुराला ‘दूमाइ’. आणि संस्कृतात मुलाला जो ‘सूनु’ शब्द आहे, तो त्यांच्या घरात ‘सूनुस’ या रूपाने आजही हाकेला येतो.

ही भाषा एकदा मरणाच्या दारी उभी होती. १८६३ मध्ये झारच्या सत्तेविरुद्ध पोलंड व लिथुआनियात उठाव झाला. तो मोडल्यानंतर १८६४ पासून रशियन सरकारने लिथुआनियन मजकूर रोमन लिपीत छापण्यास बंदी घातली. छापावयाचा तर तो रशियन लिपीत छापावा, अशी आज्ञा झाली. लोकांनी तशी पुस्तके हाती धरण्याचे नाकारले. मोतिएयुस व्हालान्च्युस या कॅथलिक बिशपाने सरहद्दीपलीकडे प्रशियाच्या राज्यात प्रार्थनापुस्तके छापविण्याची व्यवस्था केली, आणि ती पाठीवर वाहून आणणारे लोक उभे राहिले. लिथुआनियन भाषेत त्यांना ‘पुस्तकवाहक’ असेच नाव आहे. त्यांत शेतकरी होते, पाद्री होते, स्त्रिया होत्या. रात्री, बर्फातून, शिपायांचे पहारे चुकवून ते गाठोडी आणीत. सापडले तर तुरुंग किंवा सैबेरिया. काहींना सरहद्दीवर गोळ्या लागल्या. युर्गिस ब्येलिनिस नावाच्या एका शेतकऱ्याने तर जवळजवळ आयुष्यभर हेच काम केले. इकडे गावोगाव आया सूत कातता कातता मुलांना अक्षरे शिकवीत. चरख्याशी बसलेली आई आणि तिच्या जवळ पुस्तक घेऊन वाचणारे मूल, असे एक शिल्प पेत्रास रिमशा या शिल्पकाराने १९०६ साली घडविले, आणि त्याला ‘लिथुआनियन शाळा’ असे नाव दिले. बंदी चाळीस वर्षे चालली. १९०४ मध्ये सरकारलाच ती उठवावी लागली.

गोव्याच्या वाचकांना यात काही ओळखीचे दिसेल. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, आणि तरीही ते मराठीच राहिले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. हुकूम दप्तरात राहिला. कोकणी घराघरांत राहिली. लिपी बदलल्याने भाषा मरत नाही. परंतु ती सक्तीने बदलविणाऱ्याचा हेतू लोक बरोबर ओळखतात.

व्हिल्नियसहून सुमारे ३०० किलोमीटर गेल्यावर रीगा येते. जर्मन व्यापाऱ्यांच्या या शहरात वाटाड्या उंच मनोऱ्यांकडे बोट दाखवितो. राष्ट्रीय ग्रंथालयात मात्र एक साधे लाकडी कपाट ठेवलेले आहे. त्याच्या लहान लहान खणांत कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक लोकगीत. क्रिश्यानिस बारोन्स या विद्वानाने ही गीते जुळवून १८९४ ते १९१५ या काळात प्रसिद्ध केली. त्यांची संख्या २,१७,९९६ भरली. ही गीते बहुधा चार ओळींची असतात. दळताना, पेरताना, लग्नात, मयताच्या घरी ती म्हटली जात. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला त्यांचे स्वरूप अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या लोकांना दरबार नव्हता, बखरकार नव्हता, त्यांची बखर या कपाटात आहे. २००१ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिसंग्रहात त्याची नोंद केली.

टॅलिनमध्ये हेच काम समूहगानाने केले. एस्टोनियन भाषा ही लिथुआनियनच्या गोत्राची नव्हे. ती फिनिशची बहीण. १८६९ मध्ये तार्तू येथे एस्टोनियन लोकांचा पहिला गीतमहोत्सव भरला. निमित्त होते त्या प्रांतातील भूदासांच्या मुक्तीला पन्नास वर्षे झाल्याचे. तो भरविणाऱ्या यान्सेन यांची कन्या लिडिया कोयडुला ही पुढे राष्ट्रकवयित्री मानली गेली. सोव्हिएट राजवटीतही हे महोत्सव भरत. पण काय गावे हे सरकार ठरवी. १९६० च्या महोत्सवात गायकवृंदांनी कोयडुलाचे मातृभूमीवरील गीत कार्यक्रमपत्रिकेत नसताना गायिले. १९८८ मध्ये टॅलिनच्या गीत-मैदानावर लाखो लोक जमले आणि गात राहिले. तीनही देशांच्या मुक्तीच्या चळवळीला पुढे ‘गाणारी क्रांती’ हे नाव पडले, ते उगाच नव्हे.

मोटारगाडी व्हिल्नियस, रीगा, टॅलिन या ज्या क्रमाने जाते, त्याच क्रमाने एकदा माणसे उभी राहिली होती. हिटलर व स्टालिन यांच्या सरकारांनी १९३९ मध्ये गुप्त कराराने हे देश आपसांत वाटून घेतले होते. त्याला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी सायंकाळी, सुमारे वीस लाख लोकांनी हातांत हात धरून या तीन राजधान्यांना जोडणारी ६०० किलोमीटरांहून लांब साखळी केली. तिन्ही देश मिळून लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. लिथुआनियाने मार्च १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. १९९१ च्या जानेवारीत व्हिल्नियसच्या दूरदर्शन मनोऱ्यापाशी निःशस्त्र माणसे मारली गेली. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एस्टोनिया व लाटव्हियाही पूर्ण स्वतंत्र झाले.

श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर कथा गोड होईल, पण पुरी होणार नाही. व्हिल्नियस हे एके काळी यिद्दिश भाषेचेही मोठे पीठ होते. १९२५ साली स्थापन झालेल्या यिद्दिश संशोधनसंस्थेचे मुख्य ठाणे तेथेच होते. शहराबाहेर पानेर्याई येथील रानात १९४१ ते १९४४ या काळात नाझींनी, आणि त्यांच्या हाताखालील स्थानिक पथकांनी, इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ७०,००० ज्यू मारले. त्या शहराच्या रस्त्यांवरची एक भाषा तीन वर्षांत संपली. तिच्यासाठी गाठोडे वाहून आणावयास मागे फारसे कोणी उरले नाही.

आणि दुसरी गोष्ट आजची. सोव्हिएट काळात बाहेरून वस्ती आल्यामुळे १९८९ मध्ये लाटव्हियात लाटव्हियन लोक सुमारे ५२ टक्केच उरले होते. आपली भाषा बुडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु तेथेच जन्मलेल्या, रशियन बोलणाऱ्या मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न स्वातंत्र्याबरोबर आला. २०२३ पासून तेथील शाळांतील सर्व शिक्षण टप्प्याटप्प्याने लाटव्हियन भाषेत नेण्यास सुरुवात झाली. ज्यांनी अन्याय सोसला, त्यांच्या हाती आता निर्णय आहे. आणि निर्णय सोपा नाही.

आखात ओलांडून हेलसिंकीस गेल्यावर या प्रश्नाचे एक निराळे उत्तर दिसते. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होते, आणि त्यानंतरही कितीतरी काळ राज्यकारभार व विद्या स्वीडिश भाषेत चालली. १८६३ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडर झारने फिनिश भाषेला कारभारात स्थान देण्याचा हुकूम काढला. ज्या वर्षी त्याच्या राज्याच्या एका टोकाला उठाव चिरडला जात होता, त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला हे घडले! म्हणूनच हेलसिंकीच्या मुख्य चौकात त्या झारचा पुतळा आजही उभा आहे. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर १९१९ च्या राज्यघटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा ठरविल्या. स्वीडिश बोलणारे आज पाच टक्क्यांच्या आसपास आहेत, तरी राजधानीतील रस्त्यांची नावे दोन्ही भाषांत लिहिलेली असतात. जुन्या राज्यकर्त्यांची भाषा हाकलून न देता आपली भाषा मोठी करता येते, हे त्या लोकांनी दाखविले.

पुढील राजधान्यांतही हा धागा तुटत नाही. स्वीडनने २००० साली सामी, फिनिश आदी पाच भाषांना राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या भाषा म्हणून मान्यता दिली. त्यांत यिद्दिशही आहे. नॉर्वेची राजधानी १६२४ पासून एका डॅनिश राजाच्या नावाने ‘क्रिस्तियानिया’ म्हणून ओळखली जाई; १९२५ मध्ये तिने आपले जुने ऑस्लो हे नाव परत घेतले. कोपनहेगन मात्र पूर्वीपासून राज्य करणाऱ्यांचे नगर. तेथे राजवाडे पाहावे आणि यात्रा संपवावी.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला या यात्रेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मराठी ही काही लहान भाषा नव्हे, आणि आपल्यावर झारची बंदीही नाही. परंतु घरात मुलाला अक्षरे शिकवील अशी आई, दूरच्या गावी पुस्तक पोहोचविणारा माणूस, आणि आजीच्या ओव्या लिहून ठेवणारा कोणी एक यांच्यावाचून मोठी भाषाही परमुलखात फार काळ टिकत नाही. आणि जेथे आपली संख्या अधिक असेल, तेथे शेजाऱ्याच्या मुलालाही त्याची अक्षरे गिरविण्यास जागा ठेवली पाहिजे. लिथुआनियातील चरख्याजवळची शाळा आणि हेलसिंकीतील दोन भाषांतली पाटी या दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्या.