चातीचे वंशज

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फ्रेंच अमलाखाली असलेल्या कुरू येथून ‘एरिआन’ नावाचे अग्निबाण अवकाशात सोडले जातात, आणि फ्रेंच वृत्तपत्रे त्यांचा उल्लेख ‘फ्यूझे’ या शब्दाने करतात. एखादा जुना फ्रेंच कोश उघडून हा शब्द काढला, तर ज्वाला, वेग, आकाश यांपैकी कशाचीही गाठ पडण्यापूर्वी वाचकाला तेथे चातीवर गुंडाळलेले सूत भेटते. कारण मूळ लॅटिन ‘फुसुस’ म्हणजे सूत कातण्याची चाती, आणि ‘फ्यूझे’ म्हणजे त्या चातीवर एका भरात मावेल एवढे सूत. ही एकट्या फ्रेंचांची लहर असती तर मी पान उलटून पुढे गेलो असतो. परंतु इंग्रजीतून आपल्या मराठीत आलेला, आणि आता दिवाळीच्या फटाक्यांपासून अवकाशसंशोधनापर्यंत सर्वत्र वावरणारा ‘रॉकेट’ हा शब्दही, वेगळ्या भाषेतून आणि वेगळ्या धातूपासून येऊनसुद्धा, कातणारणीच्याच घरातून बाहेर पडलेला आहे, हे लक्षात आल्यावर या कुळाची कैफियत मांडल्यावाचून राहवेना.

इंग्रजी ‘रॉकेट’ सतराव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आला, तो इटालियन ‘रोकेत्ता’वरून, आणि ‘रोकेत्ता’ हे ‘रोक्का’ या नामाचे लघुत्वदर्शक रूप होय. रोक्का म्हणजे काय, हे मराठी वाचकाला थोडे विस्ताराने सांगावे लागते, कारण ही वस्तू आपल्या घरांत नव्हती. जवसाचे लांब तंतू किंवा विंचरलेली लोकर एका काठीच्या माथ्यावर सैलसर गुंडाळावयाची, ती काठी काखेत किंवा कमरपट्ट्यात खोचावयाची, एका हाताने त्या पुंजक्यातून तंतू ओढीत राहावयाचे आणि दुसऱ्या हाताने चाती फिरवावयाची, अशी युरोपातील कातण्याची शेकडो वर्षांची वहिवाट. वर फुगीर पुंजका आणि खाली सडपातळ लांब दांडा, अशी ही रोक्का ज्याने चित्रात पाहिली असेल, त्याला कागदी नळीत दारू ठासून ती काठीच्या टोकाशी बांधलेले शोभेचे रॉकेट तिच्याशेजारी ठेवून दाखविण्याची गरज पडू नये.

या शब्दाच्या पहिल्या दर्शनाबद्दल लोकप्रिय पुस्तकांतून एक मौजेची थाप पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १३७९ साली मुरातोरी नावाच्या इटालियन इतिहासकाराने हा शब्द प्रथम वापरला, असे ती पुस्तके छातीठोकपणे सांगतात. लुदोविको अंतोनियो मुरातोरी याचा जन्म १६७२ सालचा; म्हणजे जन्मापूर्वी जवळजवळ तीनशे वर्षे या गृहस्थाने लेखणी चालविली असे मानावे लागेल. खरी हकीगत अशी, की मुरातोरीने इटलीतील जुन्या वृत्तांतांचा जो अवाढव्य संग्रह अठराव्या शतकात छापला, त्यात व्हेनिस आणि जिनोआ यांच्यातील कियोज्जा येथील युद्धाची (१३७८ ते १३८१) बखरही आहे आणि रोकेत्ता अवतरते ती त्या युद्धाच्या वर्णनात. एका रोकेत्तेने तेथील बुरुजाला आग लावली, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते.

बुरुजाचे नाव निघाले, की पहिला प्रतिस्पर्धी दावा पुढे सरसावतो. इटालियनमध्ये ‘रोक्का’ या शब्दाचा आणखी एक अर्थ किल्ला किंवा गढी असा आहे. तेव्हा गढी जाळणारे हत्यार ते रोकेत्ता, असे का म्हणू नये? दावा दिसायला देखणा आहे, पण तो उच्चाराच्या पहिल्याच तपासणीत फेटाळला जातो. कारण कातण्याच्या रोक्कातील ‘ओ’ संवृत आणि किल्ल्याच्या रोक्कातील ‘ओ’ विवृत, असा भेद इटालियन माणसाचे कान आजही पाळतात, आणि दोन्ही शब्दांची कुळे मुळापासून निराळी आहेत. शिवाय हत्याराला त्याच्या भक्ष्याचे नाव ‘लहानगे’ असे लाडिक रूप देऊन का ठेवावे, याचे उत्तर या पक्षाकडे नाही. दुसरा दावेदार म्हणजे शहरी उपाहारगृहांत हल्ली मिळणारी रॉकेट नावाची तिखटसर पालेभाजी. तिचे नाव लॅटिन ‘एरूका’पासून निघाले असून इंग्रजीत येऊन ती केवळ नामसादृश्याने अग्निबाणाची सोयरीण ठरली आहे. या दोघांना बाहेर काढल्यावर जो वाद उरतो तो घरातलाच, म्हणून अधिक चुरशीचा. कित्येक कोशकार म्हणतात की येथे अभिप्रेत आहे ते रीळ, म्हणजे सूत गुंडाळण्याचा लांबट गोल नळा; कारण रॉकेटची नळीही कागदाच्या वळ्यांनी गुंडाळूनच करतात आणि इटालियनमध्ये ‘रोकेत्तो’ म्हणजे रीळच. मला हा पक्ष अपुरा वाटतो. रिळाला शेपूट नसते. आणि दारू भरलेल्या नळीला इतर सर्व आतषबाजीपासून वेगळे काढणारी वस्तू म्हणजे तिची काठीच, कारण काठीवाचून ती नळी सरळ वर न जाता जमिनीवर सैरावैरा धावते. नाव ठेवणाऱ्याने नळीइतकीच काठीही पाहिली असली पाहिजे, आणि काठीसकट दिसणारी कातण्याची वस्तू म्हणजे रोक्का.

रोक्का हा शब्द स्वतः इटलीचा भूमिपुत्र नव्हे. तो उत्तरेकडील जर्मानिक टोळ्यांबरोबर आल्प्स ओलांडून आला, आणि त्याचे सख्खे भावंड ‘रॉकन’ हे जर्मन भाषेत आजही कातण्याच्या काठीचेच नाव आहे. पुढे इटालियन रोकेत्ता जर्मनीत ‘राकेटे’ होऊन गेली, तेव्हा माहेरच्या कोणी तिला ओळखले नाही. रशियन, पोलिश, जपानी, मराठी अशा किती मुलखांत ही लेक नांदावयास गेली, त्याची यादी करण्यात अर्थ नाही.

आता पुन्हा ‘फुसुस’कडे वळतो, कारण या शाखेची संतती अधिक विस्मयकारक आहे. तोफगोळ्यात किंवा बॉम्बमध्ये ठिणगी पोहोचविणारी जी निमुळती नळी, तिला इंग्रजीत फ्यूज म्हणतात ते इटालियन ‘फुझो’ म्हणजे चाती यावरून. नळीचा आकार चातीसारखा, एवढेच कारण. येथे मात्र नातलगांची गर्दी जमू लागते आणि त्यांतील तोतये ओळखावे लागतात. विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर वाढताच आपल्या घरात जो ‘फ्यूज उडतो’, त्याचे मूळ वितळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. आणि ‘फ्यूजिलिअर’ या पलटणीच्या नावातील बंदूक तर ‘फोकुस’ म्हणजे चूल किंवा अग्नी या शब्दाची नात. उच्चार जुळला म्हणून वारसाहक्क सिद्ध होत नाही, हा दिवाणी अदालतीचा शिरस्ता शब्दांच्या दफ्तरातही पाळावा लागतो. परंतु एक वारस निर्विवाद आहे, आणि तो म्हणजे विमानाच्या धडाला जगभर दिले जाणारे ‘फ्युझलाज’ हे नाव. फ्रेंचमध्ये ‘फ्यूझो’ म्हणजे चाती, ‘फ्यूझले’ म्हणजे चातीसारखे दोन्हीकडे निमुळते, आणि त्यावरून १९०८च्या आसपास विमानाच्या निमुळत्या धडासाठी हा शब्द रूढ झाला. तो इंग्रजीत न जन्मता फ्रेंचमध्येच का जन्मला, याचे उत्तर मला विमानांच्या रचनेतच दिसते: राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाला धड असे नव्हतेच, वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडून ते चालवीत असे, तर १९०९ साली इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानाला लाकडी कांबी आणि तारांचा, मागे निमुळता होत जाणारा स्वतंत्र सांगाडा होता. वस्तू ज्यांच्यापाशी होती त्यांनीच तिचे बारसे केले. त्याच सुमारास फ्रेंचांनी विमानाच्या छोट्या पंखाला ‘एलरॉन’, प्रवासी किंवा यंत्र बसविण्याच्या कप्प्याला छोटी होडी या अर्थाचे ‘नासेल’, आणि शेपटीच्या पंखसमूहाला ‘आंपेनाज’ अशी नावे दिली, आणि जगाने ती निमूटपणे उचलली.

यांतील शेवटचा शब्द आमच्या कामाचा आहे. ‘आंपेने’ म्हणजे बाणाला पिसे बसविणे. संस्कृतात बाणाच्या पिसारायुक्त टोकाला पुंख म्हणतात, तेच हे. म्हणजे युरोपच्या विमानाचे धड कातणारणीकडून आले आणि शेपूट तिरंदाजाकडून. आणि तिरंदाजाचा उल्लेख आला, की आपण आपल्या मुलखात येऊन पोहोचतो, कारण रॉकेटसाठी मराठीचा स्वतःचा शब्द आहे तो ‘बाण’.

हा अर्थ अर्वाचीन पाठ्यपुस्तकांनी ‘अग्निबाण’ घडविला तेव्हा उत्पन्न झाला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो किमान पाच शतकांचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी हिंदुस्थानातील आतषबाजीचा इतिहास लिहिताना ओडिशाचा गजपती प्रतापरुद्रदेव (१४९७ ते १५३९) याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथाची साक्ष काढली आहे. त्यात गंधक, सोरा, कोळसा, लोहचूर्ण आणि कळकाची नळी यांपासून करावयाच्या ‘कल्पवृक्षबाण’, ‘चामरबाण’ अशा शोभेच्या दारूकामाच्या कृती दिलेल्या आहेत. याच गोडे यांनी एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील लग्नाच्या आतषबाजीकडेही लक्ष वेधले आहे, आणि सोळाव्या शतकातील पैठणच्या आसपास असे सोहळे डोळ्यांदेखत घडत असल्यावाचून कवीला ते सुचले नसते हे उघड आहे. लढाईतला बाण मोगलांच्या फारसी तवारिखांत ‘बान’ या देशी नावानेच वावरतो, आणि अठराव्या शतकातील मराठी लष्करात तोफा व जेजालांच्या जोडीला तो असेच. मात्र या नावावरून रामायणकाळी रॉकेटे होती असा निष्कर्ष काढणाऱ्यांच्या पंगतीला मी बसू इच्छीत नाही. १८८० साली मद्रासच्या गुस्ताव ओपर्ट यांनी शुक्रनीतीच्या आधाराने प्राचीन हिंदूंना तोफदारू बहाल केली होती, परंतु ज्या वचनांवर त्यांची भिस्त होती तीच पुष्कळ उत्तरकालीन ठरल्याने तो दावा टिकला नाही. जुने नाव नव्या वस्तूला मिळते, एवढेच येथे घडले. चिनी भाषेतील ‘हुओ-ज्यॅन’, म्हणजे शब्दशः अग्निबाण, हेही आधी जळत्या बाणाचे नाव होते आणि मग रॉकेटचे झाले.

‘बाण’ या शब्दाची स्वतःची व्युत्पत्तीही निर्वेध नाही. संस्कृतात त्याचा एक अर्थ बोरू, वेत, पोकळ काडी असा आहे, आणि कित्येक भाषापंडित, विशेषतः प्शिलुस्की, त्याचे मूळ आर्येतर म्हणजे मुंडा-मलाया कुळात शोधतात. मलय भाषेतील धनुष्यवाचक ‘पानाह’ ते पुढे करतात. मला यातील बोरूचा धागा सोडवत नाही. पोकळ काडी, दारू भरलेली कळकाची नळी, आणि तिला जोडलेली कळकाची काठी, हे सर्व एकाच वनस्पतीचे अवयव. तेव्हा दारूकाम करणाऱ्याने ‘बाण’ म्हटले तेव्हा त्याच्या मनात उडण्याइतकीच नळीही असावी.

मग युरोपने कातण्याकडे पाहिले आणि आपण तिरंदाजीकडे, असे का व्हावे? माझा तर्क असा, की याचे कारण कापूस होय. कापसाचा तंतू आखूड. तो काठीवर गुंडाळून ठेवता येत नाही, त्याचा पेळू करून हातात धरावा लागतो. चाती आपल्याकडे घरोघर होती, पण रोक्का नव्हती. आणि जी वस्तू डोळ्यांसमोर नाही तिचे नाव दुसऱ्या वस्तूला देणार कोण? यावर पहिला आक्षेप धनगरांच्या वतीने येईल, कारण मेंढरांमागे चालता चालता ते टकळीवर लोकर कातीतच होते. परंतु दारूकाम धनगरवाड्यावर होत नसे. ते होई दरबारात आणि लष्करात, जेथे बाण सर्वांच्या तोंडी होता. दुसरा आक्षेप मात्र जड आहे. स्पेन आणि पोर्तुगाल येथेही जवस कातीत असत, रोक्का तेथेही होती; असे असून स्पॅनिश ‘कोएते’ कातालान भाषेतील शेपटीच्या शब्दावरून निघाला आणि पोर्तुगीज ‘फोगेते’ सरळ अग्नीवरून. यावर मी एवढेच म्हणेन, की रोक्का असल्यावाचून असे नाव पडणे अशक्य होते, असली म्हणजे ते पडलेच पाहिजे असे नव्हे. आणि स्पॅनियार्डाने शेपटी पाहिली, म्हणजे अखेर काठीच पाहिली, हे माझ्या पक्षाला अनुकूलच आहे.

बाणाचा पुढील इतिहास प्रसिद्ध असल्याने त्रोटकपणे सांगतो. हैदर आणि टिपू यांनी नळी लोखंडाची केली. १७८० साली पोल्लिलूर येथे इंग्रजांना त्या बाणांचा प्रसाद मिळाला. श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथले नमुने विलायतेस गेले, आणि त्यांवरून कॉन्ग्रीव्ह या इंग्रज संशोधकाने वूलविच येथे जी रॉकेटे केली त्यांनी १८०७ साली कोपनहेगन जाळले. एकेकाळच्या म्हैसूर राज्यातील नगर किल्ल्याच्या एका विहिरीत २०१८ साली अशा बाणांचे हजारावर नमुने सापडले. यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की इंग्रजांनी वस्तू घेतली, लोखंडी नळी घेतली, पण नाव घेतले नाही. बंगला, लूट हे शब्द उचलणाऱ्या त्या भाषेला बाणाची गरज भासली नाही, कारण कातणारणीची देणगी तिच्यापाशी आधीच होती. उलट आपल्याकडे दिवाळीच्या बाजारात अरबी ‘हवा’वरून आलेली ‘हवई’ जाऊन तिच्या जागी रॉकेट बसले. आज मुलाकडे हवई मागितली तर तो आईच्या तोंडाकडे पाहील. बाण मात्र चेन्नईत टिकला आहे: तेथील अग्निकुल या कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून जे छोटे रॉकेट उडविले, त्याचे नाव ‘अग्निबाण’.

आणि ज्यांनी जगाला रोकेत्ता दिली, ते इटालियन लोक? त्यांनी ती केव्हाच टाकून दिली. ते आज रॉकेटला ‘रात्झो’ म्हणतात, आणि हा शब्द लॅटिन ‘रादियुस’पासून, म्हणजे किरण किंवा चाकाचा आरा यापासून आलेला आहे. आता लॅटिनमध्ये ‘रादियुस’चा आणखी एक अर्थ विणकराचा धोटा असा आहे, आणि कातणारणीला सोडून इटलीने शेजारच्या मागावरच आसरा घेतला असे लिहून टाकण्याचा मोह मला झाला होता. कोशकारांचा कौल किरणाच्या बाजूने आहे, आणि तूर्त तो मान्य करणे भाग आहे.