व्यापारी इमारतींची संरचनात्मक तपासणी : खर्च

दुकाने, कार्यालये, बँका, रुग्णालये, उपाहारगृहे, गोदामे अशा वापरातल्या इमारतीचा सांगाडा तिच्यावरचा भार सुरक्षितपणे पेलतो आहे का, हे ठरवण्यासाठी केलेल्या अभियांत्रिकी परीक्षणाला संरचनात्मक तपासणी म्हणतात. व्यवहारात ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हाच शब्द रुळला आहे. अभियंत्याचे शुल्क, उपकरणांच्या चाचण्या, प्रयोगशाळेचे काम, तपासायच्या भागापर्यंत पोहोचण्याची सोय आणि अहवाल मिळून तपासणीचा खर्च होतो. तपासणीनंतरच्या दुरुस्तीचा खर्च यात धरत नाहीत. या नोंदीत प्रामुख्याने मुंबई व महाराष्ट्रातल्या प्रबलित काँक्रीटच्या (आरसीसी) इमारतींचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे आणि स्थैर्य प्रमाणपत्र पालिकेला सादर करणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. बांधकाम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, भोगवटा परवानगी किंवा निम्म्या बांधीव क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर यांपैकी जे आधी घडले असेल तेथून ही वर्षे मोजतात. पुढे दर दहा वर्षांनी तपासणी करावी लागते. राज्यातल्या इतर महानगरपालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६५-अ ही तशीच तरतूद आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतली मुदत याहून कडक आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी दर तीन वर्षांनी.

अहवालावरून मुंबईत इमारतीचे वर्गीकरण होते. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ म्हणजे पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मालक आणि भाडेकरू यांनी आणलेले अहवाल परस्परविरोधी निघाले, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. अशा वादात एकाच इमारतीच्या तपासणीचा खर्च दोनदा होतो.

तपासणीचे टप्पे

पहिला टप्पा डोळ्यांनी केलेल्या पाहणीचा. अभियंता प्रत्येक मजल्यावर फिरून स्तंभ, तुळया, स्लॅब, गच्ची, पाण्याच्या टाक्या, जिने आणि छज्जे पाहतो. भेगा, सुटलेला गिलावा, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया आणि ओल यांची नोंद नकाशावर करतो, छायाचित्रे घेतो, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते तपासतो. या टप्प्याचा खर्च मुख्यतः मनुष्यदिवसांचा असतो आणि तो क्षेत्रफळाबरोबर वाढतो.

दुसरा टप्पा अविनाशी चाचण्यांचा, म्हणजे काँक्रीट न फोडता करायच्या मोजमापांचा. रिबाउंड हातोड्याने पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो. श्राव्यातीत स्पंदवेग चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या लहरीचा वेग मोजतात. तो सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला, तर आतले काँक्रीट सच्छिद्र किंवा तडकलेले असण्याची शक्यता मोठी असते. अर्धघट विभव चाचणीत सळईच्या गंजाचा अदमास घेतात. तांबे-कॉपर सल्फेट घटाच्या तुलनेत मापन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर तेथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. कव्हर मीटरने सळयांची जागा आणि त्यांच्यावरच्या आवरणाची जाडी कळते. फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव काँक्रीटच्या ताज्या फुटलेल्या भागावर टाकला की सुस्थितीतला भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. समुद्रकाठच्या शहरात काँक्रीटमधल्या क्लोराइडचे प्रमाणही प्रयोगशाळेत तपासून घेतात.

तिसऱ्या टप्प्यात काँक्रीटचे दंडगोल नमुने (कोअर) कापून दाबाखाली फोडून पाहतात. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार असे किमान तीन नमुने लागतात. त्यांची सरासरी ताकद त्या प्रतीच्या काँक्रीटच्या घन-ताकदीच्या ८५ टक्के असावी लागते आणि कोणताही एक नमुना ७५ टक्क्यांखाली जाऊन चालत नाही. यंत्र आणणे, सळई टाळून छेद घेणे, प्रयोगशाळेचे शुल्क आणि भोक पुन्हा भरणे यांमुळे नगामागे सर्वांत महाग पडणारी चाचणी हीच असते.

चौथा टप्पा गणिताचा. मोजलेली ताकद आणि प्रत्यक्ष भार संगणकीय प्रतिमानात घालून सांगाडा पुन्हा तपासतात. भूकंपाच्या दृष्टीने विद्यमान काँक्रीट इमारतींचे मूल्यमापन करण्यासाठी आयएस १५९८८ : २०१३ हे मानक आहे. प्रत्येक तपासणी या टप्प्यापर्यंत जात नाही. दोन दरपत्रकांतल्या रकमांत मोठा फरक दिसतो तेव्हा बहुधा एकात हे गणित धरलेले असते आणि दुसऱ्यात नसते.

व्यापारी इमारतीत खर्च का वाढतो

पहिले कारण वापरातल्या बदलाचे. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी खोलीसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, चलभार धरला आहे. वेगळी साठवणखोली असलेल्या कार्यालयासाठी तो २.५ आणि तशी सोय नसलेल्या कार्यालयासाठी ४ किलोन्यूटन आहे. किरकोळ विक्रीच्या दुकानालाही ४ धरतात. राहत्या मजल्याचे दुकान झाले की अपेक्षित चलभार दुप्पट होतो. फायलींची कपाटे, तिजोऱ्या, व्यायामशाळेची यंत्रे, बॅटऱ्यांच्या रांगा, गच्चीवरचे शीतकरण संच आणि मोबाइल मनोरे यांचे वजन मूळ नकाशात नसते. ते मोजून गणितात घ्यावे लागते.

दुसरे कारण अंतर्गत सजावटीचे. स्तंभ लाकडी किंवा काचेच्या आवरणात आणि तुळया खोट्या छताआड झाकलेल्या असतात. त्या उघडणे आणि पूर्ववत करणे हे वेगळे काम आहे. हे काम कोणाच्या खर्चाने व्हायचे, हे आधी ठरले नसेल तर अभियंता दिसते तेवढेच तपासतो. पोटमाळे आणि काढलेल्या भिंती यांचीही चौकशी याच वेळी करावी लागते. घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी कोसळलेल्या चार मजली इमारतीत १७ जणांचा मृत्यू झाला. तिच्या तळमजल्यावरच्या रुग्णालयाच्या जागेत त्या काळात फेरबदल चालू होते.

तिसरे कारण वेळेचे. बँकेत किंवा दुकानात ग्राहक असताना ड्रिलिंग करता येत नाही. काम रात्री, रविवारी किंवा सुटीच्या दिवशी होते. त्याचा मेहनताना जास्त असतो, शिवाय सुरक्षारक्षक आणि वीज-पाण्याची सोय लागते. उंच इमारतीच्या बाह्यांगासाठी परांची, टांगता पाळणा किंवा दोरीवरचे प्रशिक्षित कामगार लागतात. काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियम पत्र्याच्या दर्शनी भागामागे पोहोचणे त्याहून अवघड असते.

चौथे कारण कागदपत्रांचे. मूळ संरचनात्मक नकाशे हाती असतील, तर अभियंत्याला चाचण्यांच्या जागा नेमक्या निवडता येतात. नसतील, तर इमारत मोजून नवे नकाशे काढावे लागतात आणि सळया यंत्राने शोधाव्या लागतात.

आकारणीच्या पद्धती

बांधीव क्षेत्राच्या चौरस फुटामागे दर ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. पाहणी आणि अहवाल यांसाठी ती सोयीची असते. चाचण्यांचा दर प्रति बिंदू किंवा प्रति नमुना लावतात. लहान इमारतीसाठी ठोक रक्कम सांगतात, कारण अभियंत्याची किमान फेरी, उपकरणांची ने-आण आणि अहवालाचे लेखन टळत नाही; म्हणून लहान इमारतीला चौरस फुटामागे खर्च जास्त पडतो. काही ठिकाणी शुल्क दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाच्या टक्केवारीत ठरवतात. ही पद्धत दुरुस्तीच्या देखरेखीसाठी ठीक आहे. तपासणीसाठी ती वापरली, तर दुरुस्ती जितकी मोठी तितकी तपासनिसाची कमाई मोठी, असा हितसंबंध तयार होतो. दुरुस्तीचा ठेकेदार ‘मोफत’ पाहणी करून देतो तेथेही हाच दोष असतो.

या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्याने नोंदणी न केलेला अभियंता हा कर आकारत नाही; दरपत्रकांची तुलना करताना कर धरून व वगळून असे दोन्ही आकडे मांडावे लागतात.

उदाहरण

पुढील दर केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी कल्पिलेले आहेत. चार मजल्यांची, ४०,००० चौरस फूट बांधीव क्षेत्राची कार्यालयीन इमारत घेऊ. पाहणी व अहवाल चौरस फुटाला २ रुपयांप्रमाणे ८०,००० रुपये. रिबाउंड हातोड्याचे ६० बिंदू २०० रुपयांप्रमाणे १२,०००. स्पंदवेगाचे ४० बिंदू ४०० रुपयांप्रमाणे १६,०००. अर्धघटाचे २० बिंदू ४०० रुपयांप्रमाणे ८,०००. सहा कोअर ४,००० रुपयांप्रमाणे २४,०००. आवरणे उघडणे व पूर्ववत करणे २५,००० आणि नकाशे तयार करणे ३०,०००. एकूण १,९५,००० रुपये. १८ टक्के कर ३५,१०० रुपये. मिळून २,३०,१०० रुपये, म्हणजे चौरस फुटाला सुमारे पावणेसहा रुपये. ५०० चौरस फुटांच्या गाळ्याच्या वाट्याला साधारण २,८७६ रुपये येतात.

करापूर्वीच्या रकमेत चौरस फुटाच्या दराने येणारा भाग येथे सुमारे ४१ टक्केच आहे. एखाद्याने ‘दोन रुपये फूट’ एवढाच भाव सांगितला, तर उरलेले काम त्यात धरलेले नाही किंवा ते करायचेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. क्षेत्रफळ दुप्पट झाले तर पाहणीची रक्कम जवळपास दुप्पट होते. चाचण्यांची संख्या मात्र इमारतीची अवस्था, सांध्यांची संख्या आणि बांधकामाचे टप्पे यांवरून ठरते.

खर्चाची वाटणी

प्रिमायसेस सहकारी संस्थेत हा खर्च सर्वसाधारण सभेच्या ठरावाने दुरुस्ती निधीतून किंवा सभासदांकडून वर्गणी घेऊन भागवतात. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील इमारतीत तो घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्यांच्या प्रमाणात वाटला जातो. भाड्याच्या इमारतीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर असते. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना दिलेल्या जागा त्या कायद्याबाहेर असल्याने तेथे करारातले कलम निर्णायक ठरते.

सोबतच्या इतर तपासण्या

अग्निसुरक्षेची तपासणी वेगळी असते आणि तिचा खर्चही वेगळा धरतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेकडून घेतलेले प्रमाणपत्र ‘ब’ नमुन्यात सादर करावे लागते. मुंबईत कमला मिल्स आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जण दगावल्यानंतर अशा तपासण्यांकडे विशेष लक्ष वेधले गेले. विद्युत जोडण्या, लिफ्ट आणि सरकते जिने यांच्या तपासण्या आणि त्यांचे शुल्कही स्वतंत्र असते.

इतर देशांतली रीत

सिंगापूरमध्ये १५ मार्च १९८६ रोजी हॉटेल न्यू वर्ल्ड ही सहा मजली इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. मूळ आराखड्यात इमारतीचे स्वतःचेच वजन धरले नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले. असा दोष केवळ पाहणीतून दिसत नाही. १९८९ च्या कायद्याने तेथे नियतकालिक तपासणी सक्तीची झाली: निवासी इमारतींची दर दहा वर्षांनी, इतर इमारतींची दर पाच वर्षांनी. आधी पाहणी होते आणि संशय आला तरच पूर्ण संरचनात्मक अन्वेषण, त्यामुळे मोठा खर्च गरज असेल तेथेच होतो. अमेरिकेत व्यापारी मालमत्तेच्या खरेदीपूर्वीच्या पाहणीसाठी एएसटीएम ई-२०१८ हे मानक वापरतात. त्यात फिरून केलेली पाहणी आणि संभाव्य दुरुस्तीचा अंदाज असतो. चाचण्या मूळ शुल्कात येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये सहा मजल्यांहून उंच इमारतींचे बाह्यांग दर पाच वर्षांनी तपासावे लागते.

दरपत्रक आणि कार्यादेश

तुलना करता यावी म्हणून निविदेसोबत सर्व अभियंत्यांना एकच कामाची यादी दिली जाते: बांधीव क्षेत्र, उपलब्ध नकाशे, प्रत्येक चाचणीचे किमान बिंदू, उघडायच्या जागा, कामाच्या वेळा आणि अहवालाच्या प्रती. वाढीव चाचणीचा दर आधीच ठरवून घेतला, की मध्येच निघालेल्या शंकेपायी वाद होत नाही. प्रयोगशाळेची मान्यता, अभियंत्याच्या नोंदणीची मुदत, पालिकेपुढे स्पष्टीकरण देण्याच्या फेऱ्या आणि देयकाचे हप्तेही कार्यादेशात लिहितात. शेवटचा हप्ता अंतिम अहवालाशी जोडतात. अहवालासोबत चाचणीबिंदूंचा नकाशा, मूळ वाचने आणि नवे संरचनात्मक नकाशे संस्थेच्या दप्तरी राहिले, तर पुढच्या तपासणीत इमारत पुन्हा मोजण्याचा खर्च वाचतो आणि त्याच जागांच्या जुन्या-नव्या वाचनांवरून ऱ्हासाचा वेग कळतो.