टोचलेले पपेन जनावराच्या शरीरात कुठे जाते, कसे संपते?

कच्च्या पपईला चिरा दिल्यावर गळणारा पांढरा चीक वाळवला की पपेन मिळते. पपेन हे प्रथिने तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम. मटण लवकर शिजावे म्हणून आपण पपईचा कीस लावतो, तो याच्यासाठीच. पण हेच पपेन जिवंत जनावराच्या शिरेत टोचले तर काय होते?

अमेरिकेत १९५६ साली लुईस थॉमस यांनी सशांवर हे करून पाहिले. काही तासांतच सशांचे ताठ कान लोंबू लागले. कान उभा धरणाऱ्या कूर्चेतले आधारद्रव्य पपेनने तोडले होते. गंमत म्हणजे तीन-चार दिवसांत कान पुन्हा उभे राहिले, कारण कूर्चेच्या पेशी जिवंत होत्या व त्यांनी आधारद्रव्य नव्याने तयार केले. ज्या सशांना कॉर्टिझोन दिले, त्यांचे कान मात्र पडलेलेच राहिले.

शिरेतले विकर रक्ताबरोबर सगळीकडे जाते, पण सारखे वाटले जात नाही. यकृत, मूत्रपिंड अशा भरपूर रक्तपुरवठ्याच्या अवयवांत ते जास्त पोचते. त्याच वेळी शरीर त्याला आवरू लागते. रक्तातले अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे मोठे प्रथिन विकराला सापळ्यासारखे पकडते. ही जोडी यकृतातील पेशी आत ओढून घेतात आणि पचवतात. उरतात ती अमिनो आम्ले, जी शरीर पुन्हा वापरते.

अमेरिकेतील स्विफ्ट कंपनीने कत्तलीच्या थोडे आधी गुरांच्या शिरेत पपेन टोचण्याची पद्धत आणली होती. त्यासाठी पपेन आधी निष्क्रिय केलेले असे. कत्तलीनंतर स्नायूंतला प्राणवायू संपला की ते जागे होई आणि शिजवताना मांस मऊ करी. अडचण वाटपाचीच होती: जीभ, यकृत यांसारखे भाग गरजेपेक्षा जास्त मऊ पडत.

म्हणून शेतकरी मित्रांनो, म्हाताऱ्या बोकडाचे मटण मऊ व्हावे यासाठी पपईचा चीक कधीही टोचू नका. घरच्या चिकातले पपेन निष्क्रिय केलेले नसते, शुद्धही नसते. परक्या प्रथिनामुळे तीव्र ॲलर्जी होऊन जनावर दगावू शकते. त्यापेक्षा कापलेल्या मटणाला हिरव्या पपईचा कीस लावा. पिकलेल्या फळात चीक फारसा उरत नाही. कीस फार वेळ ठेवला तर वरचा थर पिठूळ होतो.