गोळा आणि चिप

आमच्या नगरवरून (आता अहिल्यानगर, पण जिभेची सवय जात नाही) जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. दख्खनच्या त्या भीषण दुष्काळाचा तो काळ. एकेरी मार्ग. म्हणजे दौंडहून येणारी आणि मनमाडहून येणारी गाडी एकाच रुळावर. त्या दोघी समोरासमोर येऊ नयेत ही जबाबदारी कुणाची, आणि ती तो पार कशी पाडणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होताच. आज दीडशे वर्षांनी तोच प्रश्न माझ्या माडीवरच्या बारा फुटी टेबलावर येऊन बसला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं, की माझ्या नातवाने आणि त्याच्या दोन मित्रांनी नगर, विळद आणि वांबोरी या तीन स्टेशनांची छोटी प्रतिकृती करायचं घेतलं. साल धरलंय १९७० च्या आसपासचं, म्हणजे वाफेची इंजिनं. स्केल एकास सत्त्याऐंशी. (या मापाने एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर होतात, त्यामुळे अंतरं खरी ठेवायची तर शेजाऱ्यांच्या भिंती फोडाव्या लागतील. असो.) लाकूडकाम झालं, रूळ आले, आणि मग प्रश्न आला तो गाड्या चालवायच्या कशा याचा. "आजोबा, साधी सिस्टीम घ्यायची की डिजिटल?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, विजेचं मला काय कळणार? पण वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न अर्धाअधिक इतिहासाचाच आहे.

साध्या पद्धतीत काय होतं ते आधी सांगतो. दोन रुळांत शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत वीज सोडायची. जास्त सोडली की इंजिन जोरात, दिशा उलटी केली की इंजिन मागे. पण रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही चालायला लागतात. पीटीच्या सरांनी शिट्टी मारली की सगळा वर्ग पळतो, तसं. म्हणून रूळ ठिकठिकाणी तोडून त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण द्यायचं. जिथे गाडी उभी ठेवायची त्या तुकड्याची वीज बंद. आमच्या तीन स्टेशनांनाच असे आठ-नऊ तुकडे लागत होते, आणि टेबलाखाली वायरींचं जाळं.

डिजिटलमध्ये रुळात कायम पुरेपूर वीज खेळत असते आणि तिच्यावरच निरोप स्वार होऊन जातो. वीज सतत उलटसुलट होते. एका अर्ध्या फेऱ्याला ५८ मायक्रोसेकंद लागले तर तो 'एक', शंभर किंवा त्याहून जास्त लागले तर 'शून्य'. या एक-शून्यांतून निरोप तयार होतो: अमुक नंबरच्या इंजिनाने अमुक वेगाने पुढे जावं. प्रत्येक इंजिनात एक छोटी चिप बसवलेली असते, तिला डीकोडर म्हणतात. आपला नंबर आला तरच ती हालते. म्हणजे वर्गात हजेरी घेतल्यासारखं. गंमत म्हणजे नव्या डीकोडरचा नंबर बहुधा तीन असतो. प्रवेश घेतलेल्या सगळ्या मुलांचं नाव एकच, नंतर बदलून घ्यायचं!

या कल्पनेमागेही पुष्कळ खटपटी आहेत. इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीने १९७९ च्या सुमारास 'झीरो वन' नावाची पद्धत आणली. जर्मनीच्या मार्कलिनची डिजिटल पद्धत १९८५ च्या सुमारास आली. पण ज्याची त्याची भाषा निराळी. याचं इंजिन त्याच्या रुळावर गप्प. शेवटी बर्न्ड लेंझ या जर्मन माणसाने तयार केलेली पद्धत अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या संघटनेने, म्हणजे १९३५ साली स्थापन झालेल्या एनएमआरएने, १९९० च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारली आणि सर्वांना खुली ठेवली. आता कुठल्याही कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचं ऐकतो. 'झीरो वन' मात्र काही वर्षांतच बंद पडली.

हे वाचताना मला मनमाड आठवलं. आमची लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरची. निजामाच्या राज्यातून मनमाडला येणारी लाइन मीटरगेज, १००० मिलिमीटरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते १९९० च्या दशकातल्या रुंदीकरणापर्यंत मनमाडला एका गाडीतलं पोतं उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे. रुळांचं माप एकदा चुकीचं पडलं की हमालांच्या तीन पिढ्यांच्या पाठीवर त्याचा भार पडतो. तेव्हा नातवाला मी पहिली अट घातली, की घ्याल ते खुल्या प्रमाणाचं घ्या. स्वस्त मिळतंय म्हणून एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेऊ नका. हे त्याला पटलं.

इथवर सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते आमच्या गल्लीतल्या निवृत्त स्टेशनमास्तरांपाशी. (गल्लीत मला 'गुरुजी' म्हणतात आणि त्यांना 'मास्तर'. नवख्या माणसाचा हटकून गोंधळ होतो.) मास्तरांनी डिजिटलची सगळी माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "गुरुजी, यात गोळा कुठाय?"

ज्यांनी गोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी वांबोरीला नोकरीला होतो तेव्हा नगरहून रोज पॅसेंजरने जायचो. स्टेशनात गाडी शिरली की पॉइंट्समन वेताची मोठी कडी घेऊन उभा असायचा. कडीला चामड्याची पिशवी आणि पिशवीत पोलादी गोळा. फायरमन मागच्या स्टेशनचा गोळा द्यायचा आणि पुढचा घ्यायचा. न थांबणारी गाडी असली तर हा सगळा व्यवहार धावत्या गाडीतून, हात बाहेर काढून. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या टप्प्यात पाऊल टाकत नसे.

हे गोळे स्टेशनमास्तरच्या खोलीतल्या नीलच्या यंत्रात असत. दोन शेजारी स्टेशनांची दोन यंत्रं तारेने जोडलेली. इकडच्या मास्तरने घंटी देऊन विचारायचं, तिकडच्याने होकार देऊन आपली कळ दाबून धरायची, तेव्हाच इकडची मूठ फिरणार आणि एक गोळा बाहेर पडणार. तो गोळा दोनपैकी एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघणार नाही. विळद-वांबोरीचा गोळा नगर-विळदच्या यंत्रात बसतच नाही, त्याची ठेवणच वेगळी. मास्तर म्हणतात, "माणूस झोपेत असला तरी यंत्र झोपत नाही."

अशा यंत्रांची गरज का पडली, याचं उत्तर इंग्लंडातल्या नॉर्विचजवळच्या थॉर्प गावी सापडतं. १० सप्टेंबर १८७४ ची रात्र. नॉर्विच ते ब्रंडल हा एकेरी मार्ग, आणि गाड्या सोडायच्या त्या तारेने निरोप पाठवून. नॉर्विचच्या इन्स्पेक्टरने ब्रंडलहून मेल सोडण्याचा निरोप सांगितला, पण त्यावर सही केली नव्हती. तार कारकुनाने तो पाठवून दिला. इकडून एक्स्प्रेसही सुटली. घोटाळा लक्षात आल्यावर निरोप रद्द करायची तार गेली, आणि उत्तर आलं की मेल निघून गेली. दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या. २५ माणसं मेली. त्यानंतर एडवर्ड टायरने एकच वस्तू बाहेर देणारं विजेचं यंत्र तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं ते १८७८ साली. आमची दौंड-मनमाड सुरू झाली तेच साल! दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण इतिहासाच्या मास्तराला असे योगायोग सोडवत नाहीत.

आता मास्तरांच्या प्रश्नातली खोच माझ्या लक्षात आली. निरोप एकाच वेळी दोघांना जाऊ शकतो. वस्तू दोन ठिकाणी असू शकत नाही. आमचा डिजिटल प्रकार म्हणजे शेवटी तारच आहे, फार वेगवान तार. नातवाने चार नंबरच्या इंजिनाला विळदहून सोडलं आणि मित्राने सात नंबरला वांबोरीहून, तर दोन्ही चिपा अत्यंत आज्ञाधारकपणे येऊन आदळतील. साध्या पद्धतीत निदान बंद ठेवलेल्या तुकड्यावर इंजिन आपोआप थांबतं. शिवाय मास्तरांची पस्तीस वर्षं त्या यंत्रापुढे गेली. दिवाळीला घरी नाही, मुलीच्या लग्नाला कशीबशी चार दिवसांची रजा. ते काम टेबलावर दिसणारच नसेल तर 'नगर स्टेशन, १९७०' अशी पाटी लावण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. मला ते रास्त वाटलं.

नातू म्हणाला, "आजोबा, कॉम्प्युटर जोडला की तो टक्कर होऊ देणार नाही." तेही खरं आहे. खऱ्या रेल्वेतसुद्धा अक्कल आता इंजिनात चढते आहे. 'कवच' यंत्रणेची चाचणी २०२२ च्या मार्चमध्ये सिकंदराबादच्या बाजूला समोरासमोर इंजिनं आणून झाली, तेव्हा रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात होते. आमच्या मार्गावर आता विजेची इंजिनं आहेत, दुहेरीकरणही पुष्कळ झालंय, वेताची कडी नव्या पिढीने पाहिलेली नाही. पण आम्ही साल १९७० धरलंय. त्या साली अक्कल इंजिनात नव्हती, दोन खोल्यांत बसलेल्या दोन माणसांच्या संमतीत होती.

मध्यंतरी पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पुन्हा पाहून आलो. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. पूर्वी शाळेच्या सहली नेल्या तेव्हा पोरांकडेच लक्ष द्यावं लागायचं, या वेळी निवांत पाहिलं. प्रेक्षकांची नजर इंजिनामागे पळते, गाडी कोण सोडतंय याकडे कुणी बघत नाही. खऱ्या स्टेशनवर तरी आपण कुठे बघतो?

तर ठरलं ते असं. इंजिनं डिजिटल, खुल्या प्रमाणाची. जुन्या एका इंजिनाच्या मोटरचा ब्रश सांगाड्याला जोडलेला आहे, तो वेगळा केल्याशिवाय चिप जळेल, म्हणून ते शेवटी घ्यायचं. रूळ रोज पुसायचे, कारण नगरची धूळ निरोप पोचू देत नाही. कॉम्प्युटर नाही. आणि तीन स्टेशनांवर तीन माणसं. नगर-विळदसाठी एक बेअरिंगचा गोळा लाल रंगवलेला, विळद-वांबोरीसाठी एक निळा. गोळा हातात नसेल त्याने कंट्रोलरला हात लावायचा नाही. मास्तर विळदला बसणार, कारण त्यांना दोन्ही बाजूंची उत्तरं द्यायची असतात, आणि तेच अवघड काम असं ते सांगतात.

सध्या घंटीवरून वाद चालू आहे. पोरांना मोबाइलचा रिंगटोन हवा आहे. मास्तरांनी कापडबाजारातून सायकलच्या दोन घंट्या आणून ठेवल्या आहेत आणि घंट्यांचे संकेत एका वहीत लिहायला घेतले आहेत. वही माझीच, उरलेल्या कोऱ्या पानांची. परवा पाहिलं तर सात पानं भरली होती.