ताड, माड, झाड
१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला आल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अंगणातच गाणी, गोष्टी, खेळ चालत. माझ्या बालवाडीत मीही तेच धरलं. मी 'माड' म्हणायचे, मुलं 'ताड', 'झाड' जोडायची. एक अबोल चिमुरडी एकदा 'फाड!' ओरडली आणि मला भरून आलं. शेवटचा आवाज तिच्या कानाने अचूक टिपला होता. यमक ओळखणारी चार-पाच वर्षांची मुलं पुढे वाचनात सरस ठरतात, हे ऑक्सफर्डच्या ब्रॅडली-ब्रायंट यांनी १९८३ मध्ये मांडलं. बाराखडीची घाई करणाऱ्या पालकांशी मी यावरून भांडलेही. वर्षभराने मी फळ्यावर 'माड' लिहिलं. तिने 'मा' पुसून 'ता' काढला.